मलावीतल्या हापशावरून पार्क चौकात झालेला वाद

सुधाकरची लेक इंग्लंडात नोकरी करते. तिच्या ऑफिसातली मंडळी हाफ मॅरेथॉन पळणार आहेत आणि त्यातून जमलेल्या पैशांत मलावीतल्या एका खेड्यात बोअर मारून हातपंप बसवला जाणार आहे. "बाबा, तुम्हीपण थोडे पाठवा," असा तिचा मेसेज. सुधाकरनं तो कट्ट्यावर वाचून दाखवला आणि त्या संध्याकाळी पार्क चौकात दुसरा विषय निघालाच नाही. बोलणं बरंच तापलं. त्यातून जे निघालं ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून आठवतंय तसं लिहून काढतोय.

पहिला उसळला तो बसवराज. आमच्यात सगळ्यात लहान, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. "काका, राग मानू नका. आपल्या सोलापुरात चार-पाच दिवसाआड पाणी येतंय. मंगळवेढ्याच्या दक्षिणेची गावं किती वर्षं पाण्यासाठी भांडूलालेत. आणि तुम्ही पैसे पाठवणार मलावीला? नकाशावर दाखवा बरं मलावी कुठंय."

देशमुख सर भूगोलाचे. त्यांनी दाखवलं: टांझानिया, झांबिया आणि मोझांबिकच्या मध्ये, मोठ्या लांबट तळ्याच्या काठानं. मग म्हणाले, "तुझा राग खरा आहे बसवराज. पण मंगळवेढ्याचा माणूस आमदाराची गाडी अडवू शकतो. टँकर मागतो, आणि उशिरा का होईना टँकर येतो. तिथल्या खेड्यातली बाई ओढ्याच्या वाळूत खड्डा करते, पाणी झिरपायची वाट बघते आणि तेच घरी नेते. तिनं टँकर कुणाकडं मागायचा?"

"पण म्हणून आपण?"

यावर नागनाथअण्णा बोलले. अण्णा पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात होते, रिटायर होईपर्यंत. "आपल्यालाबी पाणी बाहेरच्यांनीच दिलंय की. विसरलाव का?"

नंतर अण्णांनी जे सांगितलं ते सोलापुरातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं असं मला वाटतं. आधी आपल्या खेड्यांत बिडाचे पंप असायचे. मूळचा तो घरगुती पंप, एका कुटुंबानं वापरायचा. त्यावर अख्खं गाव हापसायला लागलं की काही महिन्यांत मोडायचा. १९७० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा देशातले निम्म्याहून कितीतरी जास्त हातपंप बंद सापडले होते. युनिसेफनं खडकात बोअर मारणारी यंत्रं आणून दिली होती, पाणी लागत होतं, पण वरचा पंपच टिकत नव्हता. त्या काळात जालन्याच्या मिशनवाल्यांनी पोलादी पंप करून पाहिला. त्यातूनच पुढे आपल्या सोलापूरचा पंप निघाला, कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या, स्वतःच्या हातानं शिकलेल्या मेकॅनिकनं घडवलेला. तो सगळ्यात जास्त टिकला. तोच पाया धरून केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून इंडिया मार्क टू हा पंप काढला. आज गावोगाव जो हापसा दिसतो, तो हाच.

"आणि युगांडात दिसतो तोही हाच," इरफान म्हणाला. इरफान काही वर्षं कंपालात एका हार्डवेअरच्या कंपनीत हिशेब बघायला होता. "तिथं त्याला यू-टू म्हणतात. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी गाडी थांबवून उतरलो. दांडा तोच, साखळीवरचं झाकण तेच. वाटलं मोहोळच्या शाळेसमोर उभा आहे."

सुधाकरचा चेहरा खुलला. म्हणजे लेकीचं बरोबर आहे, असं त्याला वाटलं असणार. पण इरफानचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्यातले बंद किती होते ते विचार की."

बंद पडण्याचं एक कारण त्यानं सांगितलं ते आमच्यापैकी फक्त अण्णांना लगेच कळलं. आपल्याकडं दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी जड, क्षारांचं. युगांडात आणि पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, म्हणजे आपला जीआय पाईप, आतून खायला लागतो. पाणी तांबूस येतं, तोंडात लोखंडाची चव राहते, भात लाल होतो, कपड्यांवर डाग पडतात. बायका परत तळ्यावर जातात. पंप चालू असूनही गावासाठी तो मेलेला. हे १९८० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत नीट अभ्यासून झालेलं आहे, तरी नंतर कितीतरी वर्षं दानाच्या पैशातून तेच स्वस्त पाईप जमिनीत जात राहिले. शेवटी युगांडाच्या सरकारला जीआय पाईप वापरायला बंदी करावी लागली.

"मग स्टेनलेस स्टीलचा नाहीतर पीव्हीसीचा टाकायचा," अण्णा म्हणाले. "महाग पडतो म्हणून टाकत नसतील. एका बोअरच्या पैशात दोन बोअर दाखवायच्या असतात."

सर तिथून प्लेपंपवर गेले. मला वाटतं या सगळ्या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दक्षिण आफ्रिकेत कुणीतरी कल्पना काढली की शाळेच्या अंगणात मुलांचा फिरता पाळणा बसवायचा, गोल फिरणारा, आणि त्याला बोअरचा पंप जोडायचा. पोरं खेळतील, पाणी उंचावरच्या टाकीत चढेल. टाकीच्या चार बाजूंवर जाहिराती आणि आरोग्याचे संदेश, त्या जाहिरातींच्या पैशातून देखभाल. २००० साली जागतिक बँकेनं त्याला बक्षीस दिलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कला क्लिंटन यांच्या परिषदेत अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत दहा देशांत ४,००० पंप बसवायचे ठरलं.

"कल्पना चांगलीच आहे की," बसवराज म्हणाला.

"ऐकायला चांगली. एकेक पंप सुमारे १४,००० डॉलरचा, साध्या हातपंपाच्या चौपट. आणि एका पंपावर अडीच हजार माणसांची तहान भागेल असा दावा. कुणीतरी गणित मांडलं. तेवढं पाणी चढवायला पोरांनी दिवसाचे २७ तास खेळायला पाहिजे होतं."

अण्णा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. सर पुढे सांगत होते. पोरं शाळेत असताना, पावसात, पहाटे पाणी भरायच्या वेळी पाळणा कोण फिरवणार? बायकाच. म्हाताऱ्या बायका वाकून तो लोखंडी गोल हातानं ढकलायच्या. काही ठिकाणी तर आधीचा चांगला चालणारा हातपंप काढून त्याच बोअरवर हा बसवला होता. बिघडला की दुरुस्तीवाला परगावाहून यायचा, तो महिनोन्महिने यायचाच नाही. जाहिरातदार खेड्यात जाहिरात कशाला करतील? २०१० पर्यंत तो कार्यक्रम बंद झाला. पैसे देणाऱ्या संस्थेनं आपलं चुकलं हे उघडपणे लिहिलं, याबद्दल मात्र मला त्यांचा आदर वाटतो. फार थोड्या संस्था तेवढं करतात.

"त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं?" सुधाकर.

"बसवून झाल्यावर विचारलं."

बसवराजला आता जोर आला. २०२३ मध्ये एका अमेरिकन यूट्यूबवाल्यानं आफ्रिकेत शंभर बोअर मारल्याचा व्हिडिओ टाकला होता, केनियापासून कॅमेरूनपर्यंत. त्याला कोट्यवधी लोकांनी बघितलं. "तेव्हा केनियातलेच लोक चिडले होते. म्हणत होते, आम्ही कर भरतो, आमचं सरकार काय करतंय, आणि एक परदेशी पोरगा येऊन आम्हाला भिकाऱ्यासारखं दाखवतोय. त्यांचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," सर म्हणाले. "पण त्याच गावातल्या बाईला विचार. ती म्हणेल, व्हिडिओ कुणी का काढेना, पाणी आलं."

इथं मला राहवलं नाही. दान म्हणजे दिखावा, असं सगळं एका रंगात रंगवायला लागलो की खरं काय घडलं तेही पुसलं जातं. मी नारूची आठवण काढली. आमच्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातून जंतू पोटात जायचा आणि वर्षभरानं हात-दीड हात लांबीचा दोरा पायातून बाहेर पडायचा. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पण १९८६ मध्ये जगात दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा, बहुतेक आफ्रिकेत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं हे काम हातात घेतलं. यावर लस नाही, औषध नाही. बारीक जाळीचं नायलॉनचं कापड वाटलं, त्यातून पाणी गाळून प्यायला शिकवलं, तळ्यांत ॲबेट टाकलं, म्हणजे आपल्याकडं पालिकेची माणसं डासांसाठी टाकीत टाकतात तेच, आणि ज्याच्या पायातून नारू निघतोय त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. मुख्य म्हणजे प्रत्येक गावात तिथलाच एक माणूस नेमला, जो वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन विचारत राहिला. २०२२ मध्ये सगळ्या जगात १३ रुग्ण उरले होते, चाड, दक्षिण सुदान, इथिओपिया आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक मिळून. दानाच्या पैशातूनच झालं हे.

"माणूस नेमला," अण्णांनी तेवढाच शब्द धरला. "मी तेच म्हणालोय मगापासून."

अण्णांचं म्हणणं कामातून आलेलं होतं. मार्क टूचा वॉशर गेला तर सगळे पाईप वर ओढावे लागतात. तिकाटणं, पाने, तीन-चार माणसं आणि सामान न्यायला गाडी. म्हणून आपल्याकडं तालुक्याला पथक होतं, जीप होती, डिझेलला पैसे जिल्हा परिषदेचे. तरी उन्हाळ्यात तक्रारींचा ढीग पडायचा. हे सगळं मलावीतल्या खेड्यानं कुठून आणायचं? म्हणूनच १९८० च्या दशकात मलावीत आणि केनियात ॲफ्रिडेव्ह नावाचा पंप घडवला गेला. त्यात पीव्हीसीचा पाईप, आणि पाईप न काढता आतला दट्ट्या वरून ओढून घेता येतो. एका पान्यात काम होतं, गावातली बाईही करू शकते. मलावीत आज तोच चालतो. त्यातले पुष्कळ भारतातूनच बनून जातात.

"मग प्रश्न मिटला," सुधाकर म्हणाला.

"मिटला असता तर २००९ च्या सुमारास आफ्रिकेतल्या तीन पंपांमागे एक बंद कसा सापडला असता?" सर म्हणाले. वॉशर साधाच, पण विकणारं दुकान तालुक्याला. पंप उभा करताना गावाची समिती करतात, तिनं वर्गणी काढून ठेवायची असते. पेरणीच्या तोंडावर, भुकेच्या महिन्यांत, कोण वर्गणी देणार?

इरफानला केनियाचं एक काम माहीत होतं. कितुई आणि क्वाले भागात गावातल्या मिस्त्र्यांची छोटी कंपनी आहे, फंडिफिक्स. सुरुवातीला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हापशाच्या दांड्यात मोबाईलचं छोटं यंत्र बसवलं, दांडा किती हलला ते कळवणारं. दांडा हलायचा थांबला की मिस्त्री निघतो. आधी बिघडलेला पंप सुरू व्हायला महिनाभर लागायचा, तो दोन-तीन दिवसांत व्हायला लागला. लोक महिन्याला ठरलेले पैसे देतात, कमी पडतील ते एका निधीतून येतात. "लोक पैसे देतात," इरफाननं जोर दिला. "पाणी रोज येत असेल तर देतात. फुकट मिळालेल्या पंपाला मालक नसतो."

यावर बसवराज उठून उभाच राहिला, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात खरं बोलणं त्याचंच होतं. "इरफानभाई, तुम्ही कधी सोलापूरची पाईपलाईन दुरुस्त केलीय? मी केलीय? आपल्याकडं फुटली की आपण पालिकेला शिव्या घालतो. लंडनच्या माणसाला कुणी सांगतं का, तुझ्या गल्लीची समिती कर, पाना घे आणि नळ खोल म्हणून? मग जगातल्या सगळ्यात गरीब बाईनंच स्वतःचा पंप दुरुस्त करायचा, हे कुणी ठरवलं?"

थोडा वेळ कुणाला उत्तर सुचलं नाही. इरफान म्हणाला, सरकारची वाट बघत बसलो तर पोरं जुलाबानं मरतील. बसवराज म्हणाला, सरकारला सोडून दिलं तर सरकार कधीच येणार नाही. सरांचं मत, दोन्ही हवं: दानाचा पैसा त्या जिल्ह्याच्या पाणी खात्याच्या हाताशी जावा, त्यांच्या यादीत पंपाची नोंद व्हावी, संस्थेनं परस्पर बोअर मारून निघून जाऊ नये. मी सरांच्या बाजूचा आहे. नोंद नसलेला पंप बिघडला तर कुणालाच जबाबदार धरता येत नाही, आणि जबाबदार धरता येणं हा त्या बाईचाही हक्क आहे.

सुधाकरनं तिथंच मोबाईल काढला. लेकीला काय काय विचारायचं ते अण्णा सांगत गेले. पंप कुठला? पाईप पीव्हीसीचा की लोखंडी? पाण्याचा पीएच आणि फ्लोराईड तपासणार का? भर उन्हाळ्यात पातळी किती खाली जाते? जवळचा मेकॅनिक किती लांब राहतो आणि त्याचा पगार कोण देतं? वॉशर कुठं मिळतो? बसवराजनं आपला एक घातला: पाच वर्षांनी याच पंपाची खबर कळवणार का?

पैसे त्यानं त्याच रात्री पाठवले, "शक्य असेल तर दुरुस्तीच्या खात्यात घाला" असं लिहून. इरफानला ते पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, इतके प्रश्न विचारले की लहान संस्था गांगरतात आणि पैसे पुन्हा मोठ्या, चकचकीत अहवाल छापणाऱ्यांकडंच जातात. लेकीचं उत्तर आलं आहे, पाईप पीव्हीसीचा आहे. मेकॅनिकच्या पगाराचं ती अजून विचारते आहे.