गाण्याचा तास रोज होतो, शिकवतं कोण?

प्राथमिक शाळेत गाणं शिकवायला गाण्याचे सर लागतात, हे ऐकून ऐकून आता कंटाळा आलाय. कुठून आणायचे ते सर? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन शिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभराच्या वर गेला तरच. आमच्यासारख्या चौथीपर्यंतच्या दोनशिक्षकी झेडपी शाळेच्या वाट्याला तो काही येत नाही, मग काय तोपर्यंत पोरांना मुकं ठेवायचं का?

गंमत म्हणजे गाण्याचा तास रोज सकाळी होतोच. परिपाठ! राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत, वर प्रार्थना आणि समूहगीत. एवढं रोज गाऊनसुद्धा आपण त्याला गाणं समजत नाही, उरकतो. आणि वर दम, "मोठ्याने म्हणा रे, आवाज कुठेय?" मग पोरं मानेच्या शिरा ताणून ओरडणारच ना.

पट्टीचा घोळ तर कोणाच्या लक्षातच येत नाही. सर आपल्या जाड आवाजात खालून सुरू करतात, लहान पोरांचा आवाज मुळात वरचा, त्यांना ते खाली झेपत नाही, मग निम्मी पुटपुटतात, निम्मी एकदम वर जाऊन किंचाळतात आणि सर म्हणतात ही पोरं बेसूर आहेत. बेसूर नाहीत हो, तुमची पट्टी त्यांची नाहीये. सुरुवात तिसरी-चौथीतल्या एखाद्या पोरीला करू द्या आणि सरांनी मुकाट तिच्या मागे जायचं. पेटी नको, खर्च नको.

तालाचंही तेच. केरवा तालाच्या आठ मात्रा (म्हणजे आठ सारखे ठोके), पहिलीला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला सोडायचा. पोरांना ही खालीच जास्त आवडते, कारण तिथे हमखास कोणीतरी घाईत टाळी वाजवतं आणि बाकीचे त्याच्यावर टपलेलेच असतात. आमच्या वर्गात एकाचा काका लग्नाच्या बँडमध्ये आहे, तो पोरगा खिचडीच्या ताटावर असा ठेका धरतो की बास, पण त्यापायी बिचारा बोलणी खायचा. आता तालाचा मॉनिटर तोच.

यावर एका पालकांचा अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, प्रश्न, "मॅडम, पोऱ्याले बँडमां धाडनं शे का?" धाडलं तरी काय वाईट आहे म्हणा, पण मुद्दा तो नाही. गाण्याने गणित सुधारतं, बुद्धी वाढते वगैरे मी सांगत बसणार नाही, गाणं गाता यावं म्हणून शिकवायचं, एवढंच पुरे आहे.

आणि गॅदरिंगला कृपा करून संगीत म्हणू नका. स्पीकर गातो, पोरं हात हलवतात, तोंड कोणीच उघडत नाही.

आपल्याकडे काय गाण्यांची कमी आहे? भाद्रपदात घरोघरी गुलाबाई देवी (काही गावांत भुलाबाई) बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघरी टिपऱ्या घेऊन गातात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई देवीची. मी वर्गात गुलाबाईचं एक गाणं घेतलं तर मागून आवाज आला, "मॅडम, हाई गानं ते मन्ही माय बी म्हनस!" त्या पोरीने पुढची दोन कडवी मला शिकवली, जी मला येतच नव्हती. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि जात्यावर ओव्या रचायची त्या बहिणाबाईंचं नाव आपण 2018 ला जळगावच्या विद्यापीठाला दिलं, छानच झालं, पण तिथल्याच प्राथमिक शाळेत पोरगी अहिराणीत गायला लागली की "नीट भाषेत म्हण" सांगणारेही आपणच.

तर आता काम सांगते. ज्यांच्या आजीला, मावशीला, काकूला गुलाबाईची किंवा आखाजीची गाणी येतात त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून मला इनबॉक्स करा. मागे कुकरची शिट्टी आली तरी चालेल, आवाज थरथरला तरी चालेल. फक्त शब्द शुद्ध करून पाठवू नका, अहिराणीच पाहिजे.