तूरडाळीचा भाव बघितला म्हणून तुरुंग?

शनिवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, भारतीय किराण्याचं दुकान आहे त्याचं. "अगं, ते बिलिंगचं सॉफ्टवेअर काढून टाकू का? आणि समोरच्याकडे जाऊन तूरडाळीचा भाव बघून येतो मी, तेही बंद म्हणे आता."

त्याने तो मेसेज वाचला होता. मला आठवडाभरात चौघांनी पाठवलाय, हात जोडलेल्या इमोजीसकट. म्हणणं असं: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून कॉम्प्युटरने भाव ठरवणं गुन्हा, स्पर्धकाचा भाव बघून आपला लावला तर तुरुंग, छोट्या दुकानदाराला ६० लाख डॉलर दंड, आणि मुळात राज्याला असा कायदा करायचा अधिकारच नाही.

पाठवणाऱ्यांपैकी एकानेही कायदा उघडलेला नाही. त्या कायद्याचं नाव एबी ३२५, त्याचा मजकूर कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्याने घातलेलं कलम १६७२९ 'सामायिक' भाव-सूत्राबद्दल बोलतं. म्हणजे दोन किंवा अधिक जण वापरतात आणि ज्यात स्पर्धकांची माहिती जाते, असं सूत्र. त्यातही मनाई दोनच गोष्टींना: ते संगनमताचा भाग म्हणून वापरणं, आणि त्याने सुचवलेला भाव दुसऱ्याच्या गळी जबरदस्तीने उतरवणं. दादा समोरच्या दुकानात जातो, पाटी वाचतो, परत येऊन स्वतःचं डोकं खाजवतो. यात संगनमत कुठलं? समोरचा तर त्याच्याशी धड बोलतसुद्धा नाही.

आणि सॉफ्टवेअरआडून संगनमत करणं आधी चालत होतं असं थोडंच आहे? २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय न्यायालयात एका पोस्टर विक्रेत्याने गुन्हा कबूल केला. ॲमेझॉनवर स्पर्धकांशी भाव ठरवून घेतले आणि ते सांभाळायला प्रोग्रॅम लिहिला. दंड २०,००० डॉलर.

नवा कायदा आला तो घरभाड्याच्या पार्श्वभूमीवर. दोन वर्षांपूर्वी लीज रिन्यू करायला गेले, तर ऑफिसातल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आम्ही ठरवत नाही, सिस्टीम दाखवते." घासाघीस करायची कुणाशी, सिस्टीमशी? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने घरभाडं सुचवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या रियलपेज कंपनीवर खटला भरला, त्यात कॅलिफोर्नियाही होतं. आरोप हा की एकमेकांचे स्पर्धक असलेले घरमालक आपली गोपनीय भाड्याची माहिती एकाच सॉफ्टवेअरला देतात आणि ते सगळ्यांना भाडं सुचवतं. नोव्हेंबर २०२५ च्या प्रस्तावित तडजोडीत अट आली की भाडं सुचवणारं मॉडेल शिकवायला वापरायची अशी माहिती निदान १२ महिने जुनी हवी. कंपनीने चूक कबूल केलेली नाही, हेही सांगते, नाहीतर उद्या माझाच मेसेज फिरायचा.

६० लाखांचं म्हणाल तर आकडा खरा आहे. एसबी ७६३ या राज्याच्याच दुसऱ्या कायद्याने कंपनीसाठीच्या फौजदारी दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून तिथे नेली. कमाल, आणि तीही गुन्हा सिद्ध झाल्यावर. तुरुंगाची तरतूद जुनीच आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. दावा दाखल करणं आता सोपं झालंय, आणि स्पर्धकाची 'माहिती' म्हणजे गोपनीयच असं कायदा म्हणत नाही. वकिलांची चांदी होणार. स्पर्धकांच्या माहितीवर चालणारं तयार भाव-सॉफ्टवेअर घेणाऱ्याने ते नेमकं काय करतं हे विचारून घ्यावं. दादाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर फक्त बेरीज करतं.

राहिला अधिकार. कॅन्सस राज्याने संगनमताविरुद्धचा कायदा १८८९ साली केला, केंद्राचा तसाच शर्मन कायदा आला १८९० साली. कॅलिफोर्नियाचा कार्टराइट कायदा, ज्यात एबी ३२५ ने ते कलम घातलं, तो १९०७ चा. आणि त्याची गरजही दादालाच जास्त. उद्या आयातदारांनी डाळीचे भाव संगनमताने चढवले आणि दादाने ती मधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतली, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालामुळे केंद्रीय कायद्याखाली त्याला भरपाई मागता येत नाही. थेट आयातदाराकडून घेतली असती तरच. राज्याच्या कायद्याखाली मागता येते, आणि १९८९ साली त्याच न्यायालयाने हे चालतं असं सांगितलंय.

एवढं सगळं फोनवर सांगितलं. दादा म्हणाला, "म्हणजे बघून येऊ ना?" गेला. संध्याकाळी तूरडाळ पन्नास सेंटने उतरवली. सोमवारी समोरच्यानेही उतरवली, न बोलता.