छर्रे पसरतात, म्हणून नेम नको?

अमेरिकेतल्या फेझंट या लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर नाशिकच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय: "शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात. एक डोळा मिटा, पक्ष्यावर नळी धरा, चाप ओढा. सरावाला नांदूरमधमेश्वरचं पाणी आहेच."

छर्रे पसरतात, मान्य. पण किती? फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सगळ्यात अरुंद केलेल्या नळीतून 40 यार्डांवर साधारण 70 टक्के छर्रे 30 इंची वर्तुळात जातात. म्हणजे मध्यापासून जेमतेम सव्वा फूट. कडेला ते विरळच असतात. तिथे सापडलेला पक्षी जागीच मरत नाही. पंख मोडून गवतात शिरतो आणि तडफडत राहतो. नेम नको म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावं.

"पक्ष्यावर नळी धरा" हा तर सगळ्यात घातक सल्ला. ताशी 60 किलोमीटरने आडवा जाणारा पक्षी 35 यार्डांवर असेल, तर छर्रे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात तो पाच फुटांहून जास्त पुढे सरकलेला असतो. म्हणून नळी मागून आणायची, त्याच्याच वाटेवरून पुढे काढायची आणि चाप ओढल्यावरही फिरती ठेवायची. हात थबकला की छर्रे मागे पडलेच. त्यात फेझंटच्या नराची शेपूट लांबलचक, नजर तिच्यावरच जाते. बघायचं असतं ते मानेवरचं पांढरं कडं.

डोळ्याचं म्हणाल तर दोन्ही उघडे हवेत. अंतर आणि वेग त्यानेच कळतो. प्रबळ डोळा, म्हणजे मेंदू ज्याच्यावर जास्त विसंबतो तो, बंदुकीच्या खांद्याच्या उलट्या बाजूचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रशिक्षकाला विचारावं. गाल मात्र दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला, चिकटलेलाच हवा. शॉटगनला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, नसते, ते काम डोळाच करतो. डोकं उचललं की बार वरून जातो.

आणि नांदूरमधमेश्वर? ते अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथे बंदूक चालवणं सरळ गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. सरावासाठी मातीच्या तबकड्या आहेत, फक्त 110 मिलिमीटर व्यासाच्या. राज्यवर्धन राठोड यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं (एकाच वेळी दोन तबकड्या सोडतात तो प्रकार) रौप्य मिळवलं ते अशाच उडत्या तबकड्या फोडून. रेंजवर जाणं रोज जमत नसेल, तर परवान्याची बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भिंत जिथे छताला मिळते त्या रेषेवरून नळी न अडखळता फिरवा. रोज दहा मिनिटं पुरतात.