खेळाडूला सबुरी, मालकाला जाब

२० ऑक्टोबरच्या रात्री टोरांटोमध्ये तिथल्या संघाच्या जॉर्ज स्प्रिंगरनं टोलवलेला चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला आणि सिॲटल मरिनर्स या आमच्या बेसबॉल संघाचा २०२५चा मोसम संपल्यात जमा झाला. ३-१ अशी आघाडी होती, ती एका फटक्यात ३-४ अशी पिछाडी झाली. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, गाठायला त्यांचे फक्त आठ गडी बाद करायचे उरले होते. मेजर लीगच्या ३० संघांपैकी ही मालिका आजवर एकदाही न खेळलेला संघ एकच आणि तो आमचा. संघ सुरू झाला १९७७मध्ये.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारणा झाली, "४९ मोसम आणि एकदाही फायनल नाही? मग हीच टीम धरून कशाला बसलीयेस?" प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून त्याचं सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. शिवाय नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला आपल्याच मैदानांवर कसोटी मालिकेत २-० हरवलं, गुवाहाटीत प्रेक्षकांनी 'गंभीर हाय हाय'च्या घोषणा दिल्या, आणि तेव्हापासून त्याच ग्रुपवर कोणाला काढा नि कोणाला ठेवा यावर जे रणकंदन चालू आहे, त्याच्याशीही या उत्तराचा संबंध आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मरिनर्सचा मोसम वाया गेला, हे मला मान्य नाही. आणि खेळाडूंना चाहत्यांनी भरपूर वेळ द्यावा, पण संघाचे मालक आणि क्रिकेट मंडळं यांना मुळीच देऊ नये. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं.

आधी मोसमाचं बोलू. ९० विजय, ७२ पराभव, आणि २००१ नंतर पहिल्यांदा आपल्या विभागात अव्वल क्रमांक. कॅल रॅली हा आमचा कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसून दर सामन्यात शंभरावर चेंडू झेलायचे आणि मग स्वतः बॅटिंगलाही यायचं, असं हे गुडघे झिजवणारं काम. ते करणाऱ्या खेळाडूनं एका मोसमात ४८पेक्षा जास्त होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत जाणारे फटके, कधी मारले नव्हते. रॅलीनं ६० मारले. साठावा २४ सप्टेंबरला, ज्या रात्री विभाग जिंकला त्याच रात्री, सिॲटललाच. त्याच्या आधीच्या शुक्रवार ते रविवार ह्यूस्टनमध्ये जाऊन ॲस्ट्रोजला तिन्ही सामन्यांत हरवलं होतं. हे ॲस्ट्रोज आम्हाला वर्षानुवर्षं रडवत आलेले, त्यामुळे ते तीन दिवस मी तरी कधी विसरायची नाही.

मग १० ऑक्टोबरचा, बादफेरीतला डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना. त्यांचा पिचर, म्हणजे गोलंदाज, तारिक स्कूबलनं सहा इनिंगमध्ये आमचे १३ गडी स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद केले, त्यातले सात ओळीनं. तो बाजूला झाल्यावर सातव्या इनिंगमध्ये लिओ रिवासनं बरोबरी साधून दिली आणि पुढे सामना लांबतच गेला. ठरलेल्या नऊ इनिंग संपल्या, बारा झाल्या, चौदा झाल्या. एरवी सामन्याची सुरुवात करणारे लोगन गिल्बर्ट आणि लुईस कास्तियो मधेच येऊन टाकून गेले. शेवटी पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलांकोच्या फटक्यावर जे. पी. क्रॉफर्डनं विजयी धाव पूर्ण केली, ३-२. जवळजवळ पाच तास कोणी खुर्चीत टेकलं नव्हतं. अनोळखी आजोबांनी माझे हात हातात घेऊन गदगदा हलवले, आणि त्यांना बोलायला शब्द फुटेना.

एवढं मिळालेला मोसम केवळ शेवटच्या सामन्यावरून फुकट गेला म्हणायचं? रॅलीनं स्वतः त्या रात्री अपयश हा शब्द वापरला. त्याला तो हक्क आहे, कारण खेळला तो. बघणाऱ्यांनी तो शब्द वापरू नये, असं मला वाटतं.

आता टोरांटोतली ती सातवी इनिंग. आमच्या ब्रायन वूनं एकाला वॉक दिला, म्हणजे पहिल्या बेसवर, धावेच्या पहिल्या टप्प्यावर, फुकट जाऊ दिलं, दुसऱ्यानं सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला, तिसऱ्यानं बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून, दोघांना पुढे सरकवलं. धावा करू शकणारे दोघं दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, एक आउट, समोर स्प्रिंगर. मॅनेजर डॅन विल्सननं बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, एडुअर्ड बझार्डोला बोलावलं. आमचा सगळ्यात भेदक पिचर आंद्रेस मुन्योझ तयार होता आणि त्यालाच आणायला हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. विल्सननं त्याला आठव्या इनिंगसाठी राखून ठेवलं, पण सामना सातव्यातच हातचा गेला. हा निर्णय चुकला असं मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण म्हणून बझार्डोला शिव्या घालायच्या? सबंध मोसम त्या पोरानं सत्तरहून अधिक सामन्यांत येऊन आमची आघाडी सांभाळली होती. त्याचा एक चेंडू चुकला, तो नेमका त्या रात्री.

बेसबॉलचं वेळापत्रकच असं आहे की चाहत्याला धीर धरायला शिकावंच लागतं. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने, म्हणजे जवळपास रोज एक. उत्तम संघही त्यात साठ-पासष्ट वेळा हरतो. दहातून सात वेळा बाद होणारा बॅटर इथे मोठा मानला जातो. ज्युलिओ रॉड्रिगेझ दरवर्षी सुरुवातीला चाचपडतो. २०२५मध्येही जुलैपर्यंत तो जेमतेमच खेळत होता. त्याला कोणी बसवलं नाही, आणि मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर ३२ होमरन आणि फटक्याविना पळून चोरलेले ३० बेस होते. आपल्याकडे दोन कसोटींत अपयश आलं की निवृत्तीचा सल्ला सुरू होतो. क्रिकेटमध्ये सामने मुळात कमी, त्यामुळे प्रत्येकाचं वजन जास्त, हे मला कळतं. पण मग थोड्या सामन्यांवरून निकाल देताना उलट जास्त जपून द्यायला नको का?

इथवर वाचून कुणी म्हणेल, अमेरिकेत गेली आणि तिथलं सगळं गोड वाटायला लागलं. तसं नाही. याच सबुरीचा इथे मालकांनी बेमालूम गैरफायदा घेतला आहे. २००१मध्ये या संघानं ११६ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली होती. त्यानंतर २०२२पर्यंत बादफेरीचं तोंड पाहिलं नाही. चाहते येत राहिले, तिकिटं काढत राहिले. २०२३मध्ये बादफेरी थोडक्यात हुकल्यावर संघाचे प्रमुख जेरी डिपोटो पत्रकारांना म्हणाले की दहा वर्षांत ५४ टक्के सामने जिंकले तर वर्ल्ड सिरीजला पोहोचण्याची वेळ येतेच, आणि धीर धरायला सांगून आम्ही चाहत्यांवर उपकारच करतो आहोत. नंतर त्यांनी माफी मागितली. पण ते वाक्य या शहरात अजून कोणी विसरलेलं नाही. टी-मोबाइल पार्क या आमच्या मैदानात '५४ टक्के' एवढं म्हटलं तरी आसपासच्या चार माना फिरतात.

आणि हा राग रास्त आहे, कारण ते मैदान लोकांच्या पैशावर उभं आहे. सप्टेंबर १९९५मध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठीचा कर थोड्या मतांनी फेटाळला होता. पुढच्याच महिन्यात मरिनर्सनं न्यूयॉर्क यांकीजला हरवलं, शहर वेडं झालं, आणि राज्याच्या विधिमंडळानं खास अधिवेशन घेऊन पैसा मंजूर केला. संघ शहर सोडून जाईल ही भीती तेव्हा होती आणि ती पोकळ नव्हती. २००८मध्ये इथला सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉलचा संघ खरोखरच ओक्लाहोमा सिटीला गेला. कर भरणाऱ्यानं संघाच्या मालकाला हिशेब विचारायचा नाही, तर कोणाला विचारायचा? २०२५च्या जुलैअखेरीला जॉश नेलर आणि यूजेनियो स्वारेझ यांना ॲरिझोनाकडून आणलं, ते मला तरी या दोन वर्षांच्या ओरड्याचं फळ वाटतं.

आता पुण्याकडे येते. ऑक्टोबर २०२४ची गहुंज्याची कसोटी. न्यूझीलंडच्या सँटनरनं १३ बळी घेतले, आपण ११३ धावांनी हरलो आणि बारा वर्षांनी घरची मालिका गमावली. त्या सामन्याच्या पहिल्या दिवशी स्टेडियमवर प्यायचं पाणी संपलं होतं. बहुतेक स्टँडना छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन, आणि तिकीट काढून आलेले लोक पाण्यासाठी वणवण करत होते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. आमच्या ग्रुपवर त्या तीन दिवसांत विराट सँटनरच्या फुलटॉसवर कसा बोल्ड झाला यावर शेकडो मेसेज पडले. पाण्याचा विषय दोन ओळींत आटोपला. सिॲटलला मी घरून पोळी-भाजी आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आत जाते, कोणी अडवत नाही. तेवढी सोय गहुंज्याला मागायला काय हरकत आहे?

वानखेडेवर १ एप्रिल २०२४ला हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली, टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना आवरावं लागलं. रोहितला कप्तानपदावरून काढायचा निर्णय मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनाचा होता. हुर्यो मात्र मैदानातल्या पोराच्या वाट्याला आली. विश्वचषक जिंकून आल्यावर तीन महिन्यांनी तिथेच त्याच्या नावाचा जयघोष झाला, व्यवस्थापनाला मधल्या काळात कुणी काही विचारलं नाही. त्याच वानखेडेवरच्या आयपीएल सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारनं कमी केलं, तेही २०११पासून पूर्वलक्षी प्रभावानं, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. हा पैसा महाराष्ट्राच्या तिजोरीतला. २०२५च्या ऑगस्टमध्ये क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा झाला, त्यातही सरकारी मदत न घेणारं क्रिकेट मंडळ माहिती अधिकाराबाहेरच राहिलं. यावर ग्रुपवर वाद झाल्याचं मला आठवत नाही.

खेळाडूंना छळणं इथेही आहे आणि वाढतं आहे. २०२५च्या मे महिन्यात ह्यूस्टनच्या लान्स मकलर्सला, त्याच्या लहान मुलांचा उल्लेख करून, मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला तेव्हा पैज हरलेला परदेशातला एक सट्टेबाज निघाला. प्रतिस्पर्धी संघाचा असला म्हणून काय झालं, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. सट्ट्याच्या जाहिराती लीग स्वतः दाखवते, तेव्हा हा जाबही मालकांनाच विचारायला हवा.

नेलरबरोबर नोव्हेंबरात पाच वर्षांचा करार झाला, हे उत्तम झालं. तेवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही. पुढच्या मोसमाच्या तिकिटांचे पैसे भरतानाच मी क्लबला पत्र पाठवलंय. बुलपेनमध्ये मुन्योझच्या तोडीचा आणखी एक पिचर घेणार का, आणि ऑक्टोबरमधून आलेल्या उत्पन्नातलं किती संघावर खर्च करणार, एवढंच विचारलंय. त्याची प्रत ग्रुपवर टाकते. अदिती, तुझं घर गहुंज्याजवळच आहे, तेव्हा त्यावरून मराठीत एक पत्र तयार कर. पाणी, सावली आणि स्टेशनपासून बस, एवढे तीनच मुद्दे घे. सह्या गोळा करायला मी इथून मदत करते.