ओढणावळ

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते. त्याच ओलीवर माझी सेकंडहँड बोलेरो कॅम्परही उभी राहते, फक्त ती नंतर हलत नाही.

परतीचा पाऊस झाला की वडिलोपार्जित पाच एकर बघायला मी सोलापुरातून निघतो आणि बांधापासून वीस पावलांवर गाडी मूळ धरते. फोर व्हील ड्राइव्ह आहे, पण चाकांना ताकद वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की जे चाक रिकामं फिरतंय त्यालाच आणखी फिरवायचं. टायरच्या खाचांत चिखल भरला की चारी चाकांचे गुळगुळीत रांजण होतात. मग शेजारच्या रानातले अण्णा ट्रॅक्टर आणतात. ओढणावळ पाचशे रुपये. त्यावर ‘पावसाचं गाडी घालतंय व्हय कुणी रानात?’ हे फुकट. पाचशेचं काही नाही, फुकटातलं सोसवेना. म्हणून स्वतःचं सामान घ्यायचं ठरवलं.

पंधरा रात्री मोबाइलवर अभ्यास केला. विंच, म्हणजे गाडीला बसवायची दोर ओढणारी चरखी, भरल्या गाडीच्या दीडपट ताकदीची हवी. पावणेतीन टन धरले, तर साडेनऊ हजार पौंडांची. (ही ताकद ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरला असतानाच मिळते, दोर गुंडाळत जाईल तशी घटते. माझंही जेवणानंतर असंच होतं.) तार तुटली तर चाबकासारखी उसळते, म्हणून तिच्या मध्यावर जाड, जड कापड टाकायचं. जाड कापड! सोलापूरकराला हे कुणी शिकवायचं? कपाटातली डबल चादर ओढली, तर बायको म्हणाली, “ती पाहुण्यांची आहे.” आणि लगेच, “अहो, पण विंच बांधणार कशाला?”

“झाडाला.”

“आपल्या रानात कुठंय झाड?”

एक बाभूळ आहे, पार पलीकडच्या बांधावर, तीही कललेली. झाड नसेल तर स्टेपनी जमिनीत पुरून तिला दोर बांधतात, हे मी सांगून पाहिलं. आतून आई म्हणाली, “गाडी काढायला चाक पुरायचं? मग ते चाक कोण काढणार?”

विंच बारगळली. चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या आणल्या. वाळूत त्या उत्तम असाव्यात. आमच्या चिखलानं त्यांचे दात पहिल्याच फेरीत बुजवले. एक फळी अजून रानातच आहे, नांगरटीत सापडेल. टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली की टायर पसरतो आणि भार वाटला जातो, एवढं मात्र खरं. त्यानं मी वीसऐवजी चाळीस पावलांवर रुतलो.

शेवटी कायनेटिक पट्टा घेतला, नायलॉनचा. ताण आला की वीस-तीस टक्के लांबतो आणि आखडताना गाडी उपटून काढतो. अडचण एकच, ओढायला दुसरी गाडी लागते.

अण्णांनी पट्टा हातात घेऊन ताणून बघितला. “हे नाडीगत लांबतंय की ओ!” मी चेसिसच्या हुकाला शॅकल, म्हणजे जोडायची लोखंडी कडी, लावला, पट्टा थोडा ढिला ठेवून ट्रॅक्टर पुढे घ्यायला सांगितला. हलत्या दातासारखी गाडी अलगद बाहेर! अण्णा खाली उतरले, पट्टा पुसला, नीट गुंडाळला आणि स्वतःच्या टूलबॉक्समध्ये ठेवला. “ऱ्हाऊ दे हितंच. सोलापुरात कुठं लागतोय तुमाला?”

गेल्या आठवड्यात पुन्हा रुतलो. अण्णांनी सहाशे मागितले.

“शंभर पट्ट्याचे,” म्हणाले.