प्लिमथचा दगड आणि आमचा वाघ्या

मामेभावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'अडीचशे वर्षांचा तुमचा देश, तुला काय कळणार गडाचं?' विषय रायगडावरच्या वाघ्याचा, शिवाजी महाराजांचा म्हणतात त्या कुत्र्याचा. समाधी खरी की दंतकथा, पुतळा ठेवायचा की हलवायचा. मी एवढंच विचारलं होतं की, 'पुरावा नाही' अशी पाटी लावून ठेवला तर काय बिघडतं?

'तुमचा देश' हे मात्र लागलं.

पुण्याहून इथे अमेरिकेत कुणी आलं की मी त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला नेतो. ग्रॅनाइटच्या मंडपात, खाली खड्ड्यात, एक करडा दगड. मधोमध सिमेंटने सांधलेला, वर १६२० कोरलेलं. 'एवढासाच?' काकू म्हणाल्या. मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून वसाहत करायला आलेली माणसं यावर उतरली म्हणे. त्यांच्यातल्या ब्रॅडफर्डने सगळी हकिगत लिहून ठेवली, त्यात दगडाचा उल्लेखच नाही. १७४१ मध्ये तिथे धक्का बांधायचा निघाला, तेव्हा नव्वदी पार केलेल्या एका आजोबांनी 'हाच तो' म्हणून सांगितलं. १७७४ मध्ये हलवायला गेले तर दोन तुकडे झाले. तरी इथे कुणी वाद घालत बसत नाही. वरच्या टेकडीवर मॅसासॉइटचा, तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाचा, पुतळा आहे आणि जवळच पाटी: थँक्सगिव्हिंगचा सण मूळ रहिवाशांसाठी शोकदिवस. ते १९७० पासून त्या दिवशी तिथे जमतात. पाटी गावानेच लावली, १९९८ मध्ये. हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं.

आदल्याच वर्षी शोकदिवसाच्या मोर्चात धरपकड झाली होती, पाटी त्या तडजोडीतून आली, हे नाही लिहिलं. पहिल्याच हिवाळ्यात आलेल्यांपैकी निम्मे मेले. उरलेले तगले ते मॅसासॉइटशी तह झाला म्हणून. त्याच्याच मुलाचं, मेटाकॉमचं मुंडकं १६७६ मध्ये याच गावात खांबावर टांगलं होतं. काकूंनाही सांगितलं नाही. त्यांना आइस्क्रीम हवं होतं.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, वसाहतवाले अमेरिकेत का आले, एक कारण सांगा. मी ताबडतोब 'धर्मस्वातंत्र्य' म्हणालो. पाठच होतं. 'आर्थिक संधी' हेही उत्तर यादीत होतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अकरा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून ते काही निघालं नाही.

मामेभावाला अजून उत्तर दिलेलं नाही. दोनदा टाइप केलं. एकदा 'आमचा देश' लिहिलं, एकदा 'आपला गड'. दोन्ही खोडलं.