रिंग वाट बघतेय

कुकरची रिंग, 149 रुपये. चेकआउटला पोचेपर्यंत त्यात डिलिव्हरी 79, हँडलिंग 15 आणि कुठल्याशा दानाचे 5 रुपये आधीच टिक करून ठेवलेले. झाले 248. मी फोन खिशात टाकला. एवढाच माझा गुन्हा.

तेव्हापासून मेसेजवर मेसेज, "तुमची रिंग वाट बघतेय!" सख्ख्या मावशीने कधी एवढी चौकशी केली नाही. आणि काल संध्याकाळी ठाणे स्टेशनहून वर्तकनगरच्या शेअर रिक्षात मधल्या सीटवर चेपून बसलो होतो तर थेट फोनच, "सर, आपण कार्ट अर्धवट का सोडलंत?" ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला, तिथेच चुकलो.

शेजारच्या काकू, मांडीवर मेथीच्या दोन जुड्या, म्हणाल्या, "किती मागतायत?"

"आणून द्यायचे 79."

"किती किलोची आहे रिंग?"

मी काही बोलायच्या आत त्या फोनवर वाकल्या. "अगं, हे हँडलिंग म्हणजे काय? हातात न घेता कशी देणार होतीस?"

"मॅडम, आपलं शुभनाव?"

"माझं कशाला? यांचं घे, कुकर यांचा आहे."

"मॅडम, 10 टक्के सूट देते."

"सूट नको, आधी ते दान काढ. दान आम्ही आमच्या हाताने करतो."

कॅडबरी सिग्नलला रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, गॅस वाचवायला नाही, ऐकायला. काकू मला म्हणाल्या, "जांभळी नाक्यावरून आणा, जुनी रिंग घेऊन जायची, माप बघून देतात. एवढंही येत नाही का?" अख्ख्या रिक्षात मी नापास.

पोरीचा काय दोष म्हणा, तिलाही टार्गेट असणार. पण घरी येऊन रागारागात वाचत बसलो तर म्हणे ऑनलाइन भरलेल्या सरासरी 70 टक्के कार्ट अशाच सोडल्या जातात आणि मोठं कारण हेच, शेवटी चिकटवलेले जादा पैसे. न विचारता दान टाकण्याला बास्केट स्नीकिंग म्हणतात, 2023 च्या सरकारी नियमावलीतल्या 13 डार्क पॅटर्नपैकी, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाईकाला गंडवायच्या युक्त्यांपैकी, एक. अरे मग मेसेज, फोन, कुपनं यावर खर्च करण्यापेक्षा पहिल्याच पानावर 248 लिहा ना! नसती घेतली, पण निदान चिडलो तरी नसतो.

रात्री कुपन आलं. 499 च्या वरच्या ऑर्डरवर चालतं. म्हणजे चार रिंगा. घरात कुकर एकच, आणि तोही चार दिवस शिट्टी देत नाहीये.